लागलं तिथं बोट ठेव

बस प्रज्ञा, खुर्ची ओढ इकडं. लाइट गेली, पडदा काळा पडला, सर जनरेटरवाल्याला शोधत खाली गेलेत आणि बाकी सगळ्या बाया चहाला पळाल्या. एप्रिलच्या दुपारी धुळ्यात लाइट गेली म्हणजे तासभर तरी विसरायचं. तू शिरपूरकडची ना? पहिलंच ट्रेनिंग. सर यादी वाचत होते तेव्हा तू मान खाली घालून भराभरा लिहून घेत होतीस, मी बघत होते. अंगावर फिकट चट्टा. चट्ट्यावर बधिरपणा. हातापायाला मुंग्या. गरम-गार न कळणं. हातातून वस्तू निसटणं. ‘कुष्ठरोगाची ही सुरुवातीची लक्षणं, ताईंनो, वेळेत ओळखा.’ आशाताई म्हणून चौदा वर्षं मी हीच यादी ऐकतेय. सर बदलतात, यादी तीच. अगं, लिहून काय होतं? मलाही तोंडपाठ होती की!

हे? बोटाला? काही नाही, परवा भाकरी टाकताना तव्याचा चटका बसला. त्याचं राहू दे.

तुला चाचणी दाखवली का कुणी? पडद्यावरचं चित्र नाही, खरी चाचणी. काही मोठं शास्त्र नाही त्यात. समोरच्याला उजेडात बसवायचं, एकदा डोळे उघडे ठेवून समजावून द्यायचं, मग म्हणायचं, डोळे मीट. बॉलपेनचं टोक कातडीला हलकंच टेकवायचं आणि म्हणायचं, लागलं तिथं बोट ठेव. चांगल्या कातडीवर माणूस पटकन बोट ठेवतो. चट्ट्यावर टेकवलं आणि त्याचं बोट हललंच नाही, तर समजायचं. दुखत नाही, खाजत नाही, आणि तिथंच सगळा घोळ आहे. दुखलं असतं तर लोक रांग लावून आले असते आपल्याकडं. औषध फुकट. सहा महिने, नाहीतर बारा महिने गोळ्या. बोटं वाकायच्या आधी धरलं तर माणूस ठणठणीत राहतो. आधी धरलं तर! हे बोलून बोलून माझ्या जिभेला घट्टे पडले. पण नाही, लपवतील, मलम लावतील, बाबाकडं जातील आणि बोट झडायला लागलं की मग ‘आशाताई कुठं होत्या?’

तपासणी झालेल्या घराच्या चौकटीवर खडूनं एल काढायचा. घरातलं एखादं माणूस राहिलं असेल तर एक्स. एक्स असला की परत जायचं, वरून साहेब फोन करणार, ‘संघमित्राताई, तुमच्याकडं एक्स जास्त दिसतात.’ म्हणून काय होतं ते तुला आजच सांगून ठेवते, कुणी शिकवणार नाही. एक्सचा एल होतो. माणूस न बघता होतो. आणि मोहिमेच्या पहिल्या दिवशी सकाळी पहिला एल कुठं काढतो आपण? आपल्याच दारावर. घर नंबर एक, आपलं. आपल्या घरात काय बघायचंय! खडू झटकला की निघालो पुढं. हसू नको, तूही हेच करशील.

आता मी सांगते ते कुणाला बोललेले नाही. नवऱ्यालाही नाही. आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत, बावीस प्रतिज्ञा मला शाळेपासून पाठ आहेत. कुणाच्या अंगात आलं की आमचा मुलगा प्रशील मोबाइलवर व्हिडिओ काढून हसतो. तेव्हा मला तसलं काही समजू नको. जे झालं ते दुपारी तीन वाजता झालं, ढळढळीत उन्हात.

शिंदखेड्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथं रुपचंद नानांचं घर. कापूस-तुरीची शेती, बरं चाललेलं. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागची एक खोली जुनी, मातीच्या धाब्याची, खिडकी नाही. नानांची आई द्रौपदाबाई. खणखणीत बाई होती. साठीच्या पुढं गेली तरी डोक्यावर दोन हंडे घ्यायची.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात ती माझ्याकडं आली. मी ओट्यावर रजिस्टर भरत बसले होते. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती, तेरा रकाने कोरे होते, आणि मोबाइलवरचं ते ॲप फिरत फिरत बंद पडत होतं. डोकं नुसतं पेटलं होतं माझं. ती खालच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, ‘‘संघमित्रा, मन्हा हातले मुंग्या येतस, माय. चहा सांडना तरी समजनं नही. काल बोट भाजनं... वास ऊना तव्हय समजनं.’’

बघ, कशी सांगितली तिनं. सरांची यादी जशीच्या तशी. आणि मी काय केलं? मी मान वर केली नाही. म्हटलं, ‘‘वय झालं आता, आजी. कामाच्या गडबडीत लक्ष नसतं, दुसरं काय.’’ पिशवीतली कॅल्शियमची एक पट्टी काढून दिली. तिनं गोळ्या कपाळाला लावून पदरात बांधल्या, ‘‘गुण येई ना?’’ म्हणाली आणि गेली.

एका पेनचं काम होतं, प्रज्ञा. पेन तर माझ्या हातातच होतं.

त्यानंतर ती दिसायची कमी झाली. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मोहीम लागली. माझ्याबरोबर भिकन होता. पुरुषांना तपासायला एक गडी लागतो ना, तो हा भिकन. दर चौथ्या घरी पाणी मागतो, दर सहाव्या घरी चहा. आम्ही नानांच्या ओट्यावर बसलो. नानांची बायको पुष्पाबाई चहा घेऊन आली. मी विचारलं, ‘‘आजी कुठंय?’’

‘‘म्हतारी साक्रीले गयी शे, पोरकडे.’’

आणि तेवढ्यात आतून आवाज आला. सगळ्यात मागून, त्या धाब्याच्या खोलीतून. जर्मनचं ताट जमिनीवरून कुणी ढकललं की कसा येतो... खर्र... मग थांबायचं. परत खर्र... उचलून ठेवल्याचा आवाज नव्हता तो. हातात धरता येत नाही, म्हणून मनगटानं पुढं लोटायचं, तसा.

पुष्पाबाई म्हणाली, ‘‘मांजर.’’

मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. मला कळलं गं. वेगळ्या खोलीत वेगळं ताट म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तुझ्याही नसेल लागत. माझी आजी सांगायची, तिला पाणी कसं वरून ओतायचे ते. तरी मी उठले नाही. ऊन चढलं होतं, पस्तीस घरं राहिली होती, आणि ही बाई दारात आडवी उभी होती. भांडायला त्राण नव्हतं. मी चहा संपवला आणि चौकटीवर एल काढला. छान ठळक काढला.

दिवाळीच्या आधी द्रौपदाबाई गेली. पायाची जखम चिघळली म्हणाले. बायका आंघोळ घालत होत्या तेव्हा मी तिथं होते. पुष्पाबाईनं हातांवर आधीच फडकं गुंडाळलं होतं, पण पाणी ओतलं तसं ते सुटलं. बोटं आत वळून गेली होती, पेरं अर्धी उरली होती. तळहात उघडतच नव्हता. अंगाला कडुनिंबाच्या तेलाचा उग्र वास, आणि त्याखाली दुसरा एक. बायकांनी तोंडं फिरवली. नात तेवढी बघत राहिली. ज्योती, एकोणीस वर्षांची. नंतर कळलं, त्या खोलीत जायची ती एकटीच. ताट द्यायची, तेल लावायची, रात्री तिथंच दारापाशी झोपायची.

मी घरी आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दुसरं काय करणार होते? कुणाला सांगणार होते? एल तर माझ्याच अक्षरात होता.

ज्योतीला गाठणं भाग होतं. त्या रोग्याजवळ इतके दिवस राहिलेली पोर, तिला तपासलंच पाहिजे. मी दोनदा गेले. एकदा ती कॉलेजला गेली होती, एकदा मामाकडं. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पुष्पाबाई दारातूनच म्हणायची, ‘‘आम्हना घरमा कोणले काय शे नही.’’ मग समजलं, पोरीचं लग्न ठरलंय, शिरपूरचा मुलगा, अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली की लगेच तारीख. म्हणजे दार आणखी घट्ट लागलं.

यंदा फेब्रुवारीत परत मोहीम आली. मी ठरवूनच गेले होते, आज तपासल्याशिवाय उठायचं नाही. बोलली तर बोलू दे, हाकलली तर हाकलू दे. दुपारचे तीन वाजत आले होते. गल्लीत चिटपाखरू नाही. भिकन माझ्या पुढं होता, तो नानांच्या चौकटीपाशी थांबला.

‘‘आक्का, गेल्या साली या घराला आपण एक्स केला होता का?’’

‘‘एल केला होता. मी स्वतः.’’

‘‘मग बघा की.’’

माझा एल होता, पुसट. पण त्याच्यावरून दोन आडव्या-तिडव्या रेघा ओढलेल्या होत्या. खडूच्या नाहीत. तेलकट, काळपट, चांगल्या अंगठ्याएवढ्या जाड. खडू बोटांत धरून काढतात तशा नव्हत्याच त्या. मूठ घासत नेली की उमटतील तशा. मी पदरानं पुसून बघितलं. लाकडात मुरलं होतं. पदराला वास आला तो ओळखीचा होता, पण मला तेव्हा आठवायचं नव्हतं. भिकन म्हणाला, ‘‘पोरं असतील.’’ मी म्हटलं, ‘‘पोरंच असतील. तू नानांना आणि मुलाला ओट्यावर घे, मी आत जाते.’’

पुष्पाबाई आडवी आली. मी तिच्या बाजूनं सरळ आत घुसले. चौदा वर्षांत असं कुणाच्या घरात घुसले नव्हते. ज्योती मधल्या खोलीत भरतकाम करत बसली होती. मला बघून सुई बाजूला ठेवली आणि आईकडं न बघता म्हणाली, ‘‘ताई, मला तपासा.’’

‘‘ज्योते!’’ पुष्पाबाई ओरडली.

‘‘तपासू दे ना, आई.’’

तिनं डावी बाही वर केली. कोपराखाली दहाच्या नाण्याएवढा फिकट चट्टा होता.

‘‘गजकर्ण शे ते. मी मलम लावस,’’ पुष्पाबाई म्हणाली.

मी ज्योतीला दाराच्या उजेडात बसवलं. मागं ती धाब्याची खोली, तिचं दार नुसतं लोटलेलं. डोळे मिटायला सांगितले. मनगटाला पेन टेकवलं. तिनं बोट ठेवलं. तळहाताला टेकवलं, बोट ठेवलं. दंडाला, ठेवलं. मग चट्ट्यावर टेकवलं.

बोट हललं नाही.

परत टेकवलं. जरा दाबून. ती शांत बसली होती, डोळे मिटून, पुढच्या टेकवण्याची वाट बघत. ‘‘लावा ना ताई,’’ म्हणाली.

मी पुष्पाबाईकडं बघितलं. तिच्या तोंडातून काय निघालं? ‘‘लगीन शे आखाजीनंतर. तुम्ही काय लिखू नका, ताई. पोरनं लगीन मोडी जाई.’’

संताप झाला गं माझा. हात जोडले, ओरडले, समजावलं. म्हटलं, आत्ता सुरुवात आहे, आत्ता गोळ्या घेतल्या तर तिच्या अंगावर खूणसुद्धा राहणार नाही, कुणाला लागायचाही नाही तो. सासूचे हात बघितलेस ना तू? तुझ्याच हातानं फडकं गुंडाळलंस ना? भिंतीशी बोलले असते तर भिंत पाझरली असती. ‘‘लिखू नका,’’ एवढंच. शेवटी मी बोलणं सोडलं आणि ज्योतीची पाठ बघायला तिच्या मागं बसले. पेन दातांत धरलं, दोन्ही हातांनी तिचा कुर्ता वर केला. पाठ स्वच्छ होती, एक डागही नाही.

ज्योतीचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिनं उजवा हात मागं वळवला आणि डाव्या खांद्याच्या खवट्याखाली बोट ठेवलं.

‘‘इथं.’’

‘‘काय इथं?’’ मी दातांतून विचारलं.

‘‘लागलं ना.’’

‘‘मी लावलंच नाही अजून.’’

‘‘लागलं, ताई... पेनाचं नाही. बोथट आहे. वळलेल्या मुठीच्या पाठीनं लावतात तसं.’’ मग तिचं बोट जरा खाली सरकलं. ‘‘आता इथं आलं... इथंच थांबलंय.’’

कुर्ता माझ्या दोन्ही हातांत होता, प्रज्ञा. पुष्पाबाई चार हात लांब, भिंतीला टेकलेली. तिसरं कुणी नव्हतं. आणि तेव्हा तो वास आला. कडुनिंबाचं तेल. पदराला लागला होता तोच, पण आता ताजा, कुणी नुकतंच अंगाला चोळून जवळ येऊन बसावं तसा... त्याच्याखालचा तो दुसराही.

हाताला सवय असते बघ. मी पेन दातांतून काढलं आणि ज्योतीनं बोट ठेवलं होतं तिथं टेकवलं. स्वच्छ, निरोगी दिसणारी कातडी.

‘‘लागलं?’’

‘‘कधी?’’ ज्योती म्हणाली.

मी दाबलं. निळा ठिपका उमटला. ती म्हणाली, ‘‘लावा की.’’

आणि मागच्या खोलीतून आवाज आला.

खर्र...

थांबला. मग परत. खर्र... उंबऱ्याच्या दिशेनं.

‘‘मांजर...’’ मी म्हटलं. मी म्हटलं ते, या तोंडानं. पुष्पाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती हळूच म्हणाली, ‘‘ते ताट तं तापीमा टाकेल शे, ताई... राखसंगे...’’

ज्योती मात्र घाबरली नव्हती. डोळे मिटूनच बोलली, ‘‘मोठीमाय आहे, माझी आजी. रोज येते ती. आधी हाताला लावायची, आता पाठीला लावते. मी आईला सांगितलं होतं... चट्टा आला त्याच्या दोन महिने आधी ती तिथं हात लावून बसायची.’’

मी उठले आणि दार ढकललं. खरं सांगते, धैर्य म्हणून नाही, रागानं ढकललं. चौदा वर्षं जिवंत माणसं ऐकत नाहीत, आणि आता हे! आत अंधार होता. तुरीची दोन पोती, एक मोडकी खाट, मातीची जमीन. कुणी नाही. ताटही नाही. पण जमिनीवर धुळीचा थर होता, आणि त्या थरात मागच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत एक सरळ पट्टा होता, ताटाएवढा रुंद. कडेची धूळ अजून खाली बसत होती.

माझ्या मागं पुष्पाबाई मटकन खाली बसली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ‘‘लिखा,’’ म्हणाली. ‘‘मन्ही पोरनं नाव लिखा. कोठे लई जानं ते सांगा.’’

बघ. माझी चौदा वर्षांची घसाफोड एकीकडं, आणि मेलेल्या बाईचं एक ताट एकीकडं.

मी नाव लिहिलं. फॉर्मवरच्या माणसाच्या चित्रात पाठीवर, डाव्या खवट्याखाली, गोल काढून ठेवला. बाहेर आले तर भिकन विचारतो, ‘‘आक्का, एल का एक्स?’’ मी म्हटलं, ‘‘एक्स आहे ना आधीच? असू दे.’’

ज्योतीच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पाठ बघितली. डाव्या खवट्याखाली फिकट चट्टा उगवला होता, नवाकोरा. ते म्हणाले, येतात कधीकधी नवे, घाबरू नका, औषध चालू आहे, जाईल. मग कागद उलटून त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘‘ताई, हा चट्टा तुम्ही फेब्रुवारीतच काढून ठेवलाय. तेव्हा दिसत होता?’’ मी म्हटलं, चुकून निघाला असेल.

पोर बरी आहे. शिरपूरच्या मुलाला तिनं स्वतःच फोन करून सांगितलं. तो औषधाच्या दुकानात काम करतो, त्याला कळलं. लग्न मोडलं नाही, दिवाळीनंतर ठेवलंय. पुष्पाबाईनं मला निरोप धाडलाय, आखाजीला म्हातारीची पहिली घागर भरायची आहे, तुम्ही जेवायला या. जाईन मी. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली तेव्हा मी चौकटीवर नवा एल काढला. त्याला काही झालं नाही. रोज जाता-येता बघते, तसाच आहे.

मला वाटलं, संपलं.

गेल्या महिन्यात मी दूध घेऊन घरी आले तर आमच्या चौकटीवर एक्स. घर नंबर एक. माझ्या एलवरून दोन जाड तेलकट रेघा.

सोड्यानं घासून काढला. दुपारी परत होता. ब्लेडनं लाकूड खरवडलं, संध्याकाळी परत. माझा नवरा राकेश म्हणाला, कुणीतरी चिडून करतंय, तू भांडतेस ना सगळ्यांशी. त्या रात्री राकेशला उघडं बसवून डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. तो हसत होता. प्रशीलला तपासलं, तो चिडला. सासूबाईंना तपासलं, त्या म्हणाल्या, ‘‘चौदा वर्षांनी सासूची आठवण आली बाई.’’ तिघंही स्वच्छ. सकाळी मी एल काढला, नीट, मोठा. अंघोळ करून आले तोवर एक्स.

परत तिघांना तपासलं. परत एक्स. आता तू सांग, आमच्या घरात चारच माणसं. कोण राहिलं?

हां. एवढा वेळ लागला मला. चौदा वर्षं गावाची अंगं बघतेय मी, माझं कुणी बघितलंय? विचारलं का कधी एखाद्या सरांनी, एखाद्या साहेबांनी, संघमित्राताई, तुमची तपासणी कोण करतं? नवऱ्याला सांगावं तर त्याला चट्टा कळतो का वांग कळतो! आणि स्वतःची पाठ कुणाला दिसते?

आणि हे बोट... चटका बसला म्हणाले ना मघाशी? मला चटका बसल्याचं कळलंच नव्हतं. वास आला तेव्हा कळलं. महिनाभर मुंग्या येताहेत. मी म्हटलं, वय झालं आता, कामाच्या गडबडीत लक्ष नसतं. कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या. पिशवीत होत्याच.

ऊठ, ते दार लावून घे. बाया येतील तेवढ्यात. तू नवीन आहेस, तुझं मन स्वच्छ आहे, तू जे दिसेल ते लिहिशील. तुझं ते निळं पेन घे. मी इकडं खिडकीकडं पाठ करते, उजेड येतोय. पदर काढलाय, ब्लाउजची मागची बटणं सोड. काही दिसतं? नीट बघ. स्वच्छ आहे म्हणतेस? बरं.

आता पेन टेकव. कुठंही, न सांगता. मी डोळे मिटते.

हं. लागलं. इथं, मानेखाली. बरोबर? चल पुढं.

हं, इथं, कमरेच्या वर. बरोबर ना? लावत राहा, थांबू नको.

हं... इथं. उजव्या खवट्याखाली. बरोबर ना? ...प्रज्ञा? बोल की. जरा बोथट लावतेस तू. पेन उलटं धरलंयस का? टोकानं लाव गं.

काय?

पहिली दोन तुझी... हे तिसरं नाही? पेन खाली पडलं होतं? उचलत होतीस?

...

थांब. घाबरू नको. पळू नको, प्रज्ञा, तुला हात जोडते, पळू नको. वास मलाही येतोय. आपल्याला काही करत नाही ती. पेन घे. माझं बोट आहे ना, तिथं, त्याच्याभोवती गोल काढ. दिसत काही नसलं तरी काढ. कागदावरही काढून ठेव, तारीख घाल. आधी धरलं तर बरं होतं गं, आधी धरलं तर.

काढ ना. आता कशाची वाट बघतेस? आयुष्यभर मी हेच करत आले, लोकांच्या विनवण्या. काढ गोल, चांगला दाबून काढ.

...

काढलास?

कधी?